जेकार्डपासून सुरुवात करा

महोदय,
शाळेतला संगणकाचा तास म्हणजे बहुतेक टायपिंग आणि चित्रं रंगवणं. सोलापुरात तरी तो जुन्या जेकार्ड मागापासून, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागापासून, सुरू व्हावा. पुठ्ठ्यात भोक असेल तर ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. चादरीवरचा मोर एवढ्यावरच उमटतो. भोक म्हणजे एक, नाहीतर शून्य; संगणकही याच दोन अंकांवर चालतो. आठ जागांत २५६ वेगवेगळ्या रचना कशा होतात, हे मुलांना पुठ्ठा हातात घेऊन पडताळता येईल. (फळ्यावर ते रुक्षच वाटतं.) जेकार्ड यांचा माग १८०४ च्या सुमारासचा, तसेच पुठ्ठे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतले. शहराच्या पूर्व भागातले माग-कारखानदार मुलांना तासभर माग दाखवतील का? शाळांनी विचारून तरी पाहावं.

– एक निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर