एफ१० दाबल्यावर ड्रॉइंग उघडतं, त्यामागच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘असू दे रे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. आता बदला विषय!

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. आमचा सुट्या भागांचा कारखाना भोसरीला. ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅच सगळं एएस/४०० वर, म्हणजे आयबीएमच्या कंपन्यांसाठीच्या कॉम्प्युटरवर. १९८८ साली बाजारात आलेल्या या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आता आयबीएम आय म्हणतात; स्क्रीन मात्र तीच, काळ्यावर हिरवी अक्षरं. ऑर्डरची ओळ तिथे दिसते, पण ड्रॉइंग पीडीएफमध्ये. क्वालिटीच्या ताई दर वेळी ५२५० चं सेशन (पीसीवरची तीच हिरवी स्क्रीन) मिनिमाइज करायच्या, फोल्डर शोधायच्या, पार्ट नंबर पुन्हा टाइप करायच्या. त्यात जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग उघडलं गेलं, तर तपासणीच चुकीची. त्यांचं मागणं एवढंच होतं, की ओळीवर कर्सर ठेवून एफ१० दाबलं की ड्रॉइंग समोर यावं.

तुम्ही निवृत्त होऊन पुण्यात निवांत होतात. मी फोन केला तर तुम्ही कोड विचारलाच नाहीत. विचारलंत, “फाईल उघडणार कोण? मशीन की पीसी?”

सगळं या प्रश्नातच होतं. एसटीआरपीसीसीएमडी ही कमांड लिहायची एएस/४०० वरच्या प्रोग्रॅममध्ये, पण ती पोचते सेशनमधून समोरच्या पीसीवर, आणि चालते तिथेच. म्हणजे पाथ पीसीला दिसतो तसा हवा आणि फाईल बघायचे अधिकार त्या पीसीवर बसलेल्या माणसाकडे हवेत. आमची ड्रॉइंग्ज आयएफएसमध्येच, म्हणजे एएस/४०० वरच्याच फोल्डरांत आहेत. मशीनच्या लेखी त्यांचा पाथ साध्या स्लॅशचा, पीसीच्या लेखी नेटसर्व्हरच्या शेअरवरचा (मशीनने नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचा), दोन उलट्या स्लॅशनी सुरू होणारा. एकच फाईल, दोन पत्ते. मॅप केलेल्या ड्राइव्हचं अक्षर वापरू नको, हेही तुम्हीच बजावलंत. ते बरंच झालं, कारण आमच्याकडे कुणाचा झेड ड्राइव्ह, कुणाचा एक्स.

आधी एसटीआरपीसीओ चालवून पीसी ऑर्गनायझर, म्हणजे सेशन आणि पीसी यांच्यातला दुवा, सुरू करायचा. तो त्या सेशनमध्ये आधीच सुरू असेल तर आयडब्ल्यूएस४०१० हा मेसेज येतो, तो मॉनमेसेज या कमांडने झेलायचा आणि पुढे जायचं. एसटीआरपीसीसीएमडीच्या पॉज या पर्यायाला स्टार-नो (थांबू नको) द्यायचं, नाहीतर दर ड्रॉइंगला एंटर मारत बसा. जुन्या रिलीजला पीसी कमांड १२३ अक्षरांत बसवावी लागायची. तुमचे दिवस त्यातच गेलेले, म्हणून शेअरचं नाव आखूड ठेवायला लावलंत.

आणि ती काळी खिडकी! एफ१० दाबलं की पीडीएफऐवजी रिकामी कमांड विंडो उघडायची. एरर नाही, काही नाही. तुम्ही फोनवरून म्हणालात, “वरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाच.” वाचलं, तर आमच्या फाईलचा अख्खा पाथ तिथे. तुम्ही हसलात. विंडोजची स्टार्ट कमांड डबल कोटमधला पहिला मजकूर खिडकीचं नाव समजते. आमच्या फोल्डरच्या नावात स्पेस, म्हणून पाथ डबल कोटमध्ये, आणि त्याचंच शीर्षक झालेलं. स्टार्टनंतर डबल कोटची एक रिकामी जोडी टाकली, मग पाथ, आणि ड्रॉइंग उघडलं. ताई मागेच उभ्या होत्या. “हां, आता कसं!” म्हणाल्या आणि मला खुर्चीवरून उठवून स्वतः बसल्या.

याहून जास्त आभार मात्र तुम्ही ज्याला ‘नाही’ म्हणालात त्याचे. कुणीतरी आम्हाला आरयूएनआरएमटीसीएमडी, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवणारी कमांड, सुचवली होती. त्यासाठी प्रत्येक पीसीवर बाहेरून येणाऱ्या कमांड ऐकणारी सर्व्हिस चालू ठेवावी लागते. “एका पीडीएफसाठी घराचं दार सताड उघडं टाकणार का?” असं तुम्ही विचारलंत आणि तो विषय तिथेच संपला. फाईलचं नाव युजरला टाइप करू द्यायचं नाही, हाही तुमचाच हट्ट. मधे अँडचं चिन्ह (&) आलं तर विंडोज पुढचा भाग दुसरी कमांड म्हणून चालवतं. म्हणून आता पार्ट मास्टरमधला नंबर आणि चालू रिव्हिजन घेऊन आरपीजी या एएस/४०० वरच्या भाषेतला प्रोग्रॅमच नाव बनवतो, फाईल आयएफएसमध्ये आहे का हे बघतो, नसेल तर तळाच्या ओळीत तसं सांगतो. तेव्हा मला हे जरा अतीच वाटलं होतं. आता वाटत नाही.

रात्रीच्या बॅचमधूनही ड्रॉइंग्ज उघडून ठेवा, अशी एक फर्माईश मध्यंतरी आली. बॅच जॉबला समोर ना सेशन ना पीसी, तो उघडणार कुठे, हे मी त्यांना तुमच्याच सुरात समजावलं.

आता डिझाइनमधल्या एकाला मॅक मिळालाय. तिथे स्टार्ट नाही आणि पाथही या पद्धतीचा चालत नाही. रविवारी सकाळी फोन करू का? अकरानंतर करतो, तुमचा चहा झाल्यावर.

तुमचा,
भोसरीचा आरपीजीवाला