ताऱ्याचं चुंबकत्व मोजलं कसं, तेही छापा

संपादक महाशय,

न्यूट्रॉन ताऱ्याचं, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गोळ्याचं, चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या कित्येक लाख कोटी पट असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. शेजारचा नववीतला मुलगा तेच पान घेऊन आला आणि म्हणाला, ‘आजी, तिथे जाऊन मोजलं कोणी?’ बातमीत त्याचं उत्तर नव्हतं.

मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. वर्णपटमापी म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून पट्टा (वर्णपट) दाखवणारं उपकरण. त्यातल्या दुर्बिणीची उभी तार सोडियम दिव्याच्या पिवळ्या रेषेवर बसवायची, स्क्रू आवळायचा. मग दिवा विझवून आरशाने खिडकीतलं ऊन फटीवर पाडायचं. तारेपाशी आता बारीक काळी रेघ! भिंगावर केस आलाय असं वाटून मुलं भिंग पुसायची. खरं तर सूर्याभोवतालच्या वायूतलं सोडियम नेमका तोच पिवळा प्रकाश वाटेत अडवतं, म्हणून ती रेघ.

न्यूट्रॉन ताऱ्याचंही तसंच. जोडीदार ताऱ्याचा वायू चुंबकीय ध्रुवांवर कोसळतो, भयंकर तापतो आणि क्ष-किरण निघतात. तिथले इलेक्ट्रॉन क्षेत्राभोवती ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांनीच फिरू शकतात. नेमके पायरीच्या मापाचे किरण ते वाटेत अडवतात आणि वर्णपटात खाच पडते. क्षेत्र एक लाख कोटी गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) असेल, तर पायरी साधारण १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची (हे ऊर्जेचं एकक). पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस.

शौरी तारकासमूहातल्या हर्क्युलस एक्स-१ या ताऱ्याचा असा वर्णपट १९७६ साली योआखिम ट्रुम्पर यांच्या जर्मन गटाने बलूनमधून टिपला. क्ष-किरण हवेत शोषले जातात, म्हणून बलूनने उंच जायचं. आधी त्यांना ५८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उंचवटा वाटला. ती ४०च्या जवळची खाच आहे, हे पुढे उलगडलं. बाहेर पडताना ताऱ्याच्या गुरुत्वामुळे किरणांची ऊर्जा घटते. ती घट भरून काढली की क्षेत्र भरतं चार लाख कोटी गॉसच्या आसपास. सव्वा सेकंदात स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याचं हे माप एका खाचेवरून निघालं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

आणि या खाचा शोधणारं उपकरण आपल्या मुंबईत घडलं आहे. सप्टेंबर २०१५मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचे झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे क्ष-किरण शोधक कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. बातमीत याचाही उल्लेख हवा होता.

आकड्याखाली ‘कसं मोजलं’ याच्या चार ओळी द्याव्यात, ही कळकळीची विनंती. त्या मुलाला मी कागदावर खाच काढून दाखवली. त्याने लगेच विचारलं, ‘पायऱ्या अनेक असतील, तर खाचाही अनेक हव्यात ना?’ काही ताऱ्यांत त्या खरोखर दिसतात. रविवारी तो पुन्हा येणार आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण