भट्टीत तापवले की मॉलिब्डेट झाले, असे नाही

संपादक महोदय,
स. न.

वृत्तपत्रांत फ्युएल सेलविषयी (इंधनापासून थेट वीज देणाऱ्या घटाविषयी) मजकूर येतो तेव्हा नव्या ऑक्साइडची कृती ‘दोन भुकट्या मिसळून भट्टीत तापवल्या’ एवढ्या एका वाक्यात उरकलेली असते. ते वाचून एम.एस्सी.चे विद्यार्थी लँथॅनम मॉलिब्डेटचा प्रकल्प हाती घेतात आणि फसतात. गडबड बहुधा भट्टीच्या आधी, तराजूवरच झालेली असते.

हे संयुग म्हणजे दोन लँथॅनम, दोन मॉलिब्डेनम आणि नऊ ऑक्सिजन. २००० साली फ्रान्समधील लाकॉर व सहकाऱ्यांनी दाखवले की ८०० अंश सेल्सिअसला त्यातून ऑक्साइड आयन दर सेंटिमीटरला सुमारे ०.०६ सीमेन्स इतक्या सहजतेने वाहतात (सीमेन्स हे वाहकतेचे एकक). फ्युएल सेलमध्ये त्याचे महत्त्व यामुळेच. पाच ग्रॅम बनवायचे तर लँथॅनम ऑक्साइड २.६५४ ग्रॅम आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड २.३४६ ग्रॅम लागते.

आता मेख. लँथॅनम ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषते. जुन्या बाटलीतली पांढरी भुकटी पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली असेल, तर वजन बरोबर घेऊनही लँथॅनम १४ टक्के कमी पडते. म्हणून ती आधी १००० अंशांवर रात्रभर तापवावी, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करावी आणि लगेच तोलावी. मॉलिब्डेनमची कथा उलटी. फॉस्फेटच्या कसोटीत पिवळा साका देणारे अमोनियम मॉलिब्डेट प्रत्येक कॉलेजात असते. ते उघड्या बशीत ५०० अंशांवर तापवले की ट्रायऑक्साइड मिळते, मूळ वजनाच्या सुमारे ८१.५ टक्के. मात्र जुन्या क्षारातले स्फटिकजल थोडे उडालेले असते. त्यामुळे क्षाराच्या वजनावरून हिशेब न करता मिळालेले ऑक्साइडच तोलावे.

दोन्ही भुकट्या अगेटच्या खलात ॲसिटोन घालून अर्धा तास घोटाव्यात. झाकण असलेल्या ॲल्युमिनाच्या मुशीत आधी ५०० अंशांवर बारा तास ठेवाव्यात. ही पायरी गाळू नये. ट्रायऑक्साइड ७९५ अंशांना वितळते, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची वाफ होऊ लागते. ५०० अंशांवर ते लँथॅनमशी बांधले गेले की उडत नाही. थेट ९०० अंश गाठलेत तर झाकणावर फिकट सुया जमतात. त्या सुया म्हणजे तुमचे हरवलेले मॉलिब्डेनम. (ही वाफ श्वासात जाऊ नये, भट्टी हूडखालीच, म्हणजे वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटातच हवी.) पुन्हा घोटून ९०० ते ९५० अंशांवर बारा तास, मध्ये एकदा घोटून परत तेवढेच.

चूक कुठे झाली ते क्ष-किरण आलेख सांगतो. एका लँथॅनममागे अर्धाच मॉलिब्डेनम असलेले संयुग दिसले, तर मॉलिब्डेनम उडाले. दोन लँथॅनममागे तीन मॉलिब्डेनम असलेले दिसले, तर लँथॅनम ऑक्साइड ओले होते. अहवालांत मात्र ‘किंचित अशुद्धी आढळली’ असे लिहून विषय संपतो!

स्फटिकरचनेतही असाच घोळ होतो. ५८० अंशांच्या वर हा पदार्थ घनाकृती असतो, कोषाची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची) बाजू सुमारे ७.२ अँगस्ट्रॉम. काही ऑक्सिजन-स्थाने अर्धवट रिकामी असतात, आणि आयन त्या रिकाम्या जागांतून सरकतात. थंड झाल्यावर ऑक्सिजन ठराविक जागी बसतात, रचना एकनत (एका बाजूला किंचित कललेली) होते आणि कोष चोवीसपट मोठा. २००५ साली ती रचना उलगडली तेव्हा त्यात ३१२ स्वतंत्र अणू निघाले. साध्या आलेखात ती घनाकृतीच वाटते, म्हणून ‘घनाकृती रूप मिळाले’ असे सर्रास लिहिले जाते. तांब्याच्या क्ष-किरणांनी काढलेल्या आलेखात ४७.५ अंशांच्या कोनाजवळची, २३१ या क्रमांकाने ओळखली जाणारी रेषा सावकाश मोजावी. ती फाटलेली दिसली तर रूप एकनत. याच बदलात वाहकता जवळजवळ शंभरपट घसरते आणि भुकटी दाबून केलेल्या टिकल्यांना तडे जातात. मॉलिब्डेनमच्या जागी काही टंगस्टन घातला तर घनाकृती रूप खोलीच्या तापमानालाही टिकते.

आणखी एक गोष्ट बातम्यांत हमखास राहते. फ्युएल सेलच्या हायड्रोजनच्या बाजूला मॉलिब्डेनमचे क्षपण होते आणि पदार्थातून इलेक्ट्रॉनही वाहू लागतात, त्यामुळे शुद्ध लँथॅनम मॉलिब्डेट तिथे उघडे ठेवता येत नाही. पुढच्या वेळी असा मजकूर छापताना वाहकतेच्या आकड्याशेजारी तो कोणत्या तापमानाचा आणि कोणत्या वायूतला, एवढे दोन शब्द द्यावेत, ही विनंती.

– रसायनशास्त्राचे एक वाचक, पुणे