मानेतून उठणारी डोकेदुखी आणि मानेला लागणारे हात

मा. संपादक महोदय,

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गणपतीच्या वर फळा-भाज्यांची माटोळी बांधताना तास-दीड तास मान वर करून उभी राहिले आणि रात्री माझ्या उजव्या डोळ्यामागे कळ उठली. ती पुढे सहा वर्षे महिन्यातून दहा-बारा दिवस येत राहिली. शाळेत एकतीस वर्षे खाली मान घालून वह्या तपासलेल्या, त्यामुळे डोळ्यांवर ताण आला असेल असे सर्वांनाच वाटले. चष्म्याचा नंबर बदलून झाला, सायनसचे एक्स-रे झाले, पित्ताच्या गोळ्या झाल्या, अर्धशिशीवरची औषधे झाली. सुंठेचा लेप लावला, जाऊबाईंनी दृष्टही काढली. या सहा वर्षांत मी ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांपैकी एकानेही माझ्या मानेला हात लावून पाहिला नाही. अखेर एका सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उताणे झोपवून, हनुवटी छातीकडे आणून, डोके आधी डावीकडे व मग उजवीकडे वळवून पाहिले. डावीकडे ते सहज वळले, उजवीकडे मात्र निम्म्यावरच अडले. कवटीच्या खाली, मानेच्या खोबणीत त्यांनी बोट दाबताच डोळ्यामागची ती ओळखीची कळ जशीच्या तशी उठली. दुखणे मानेचे होते.

हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, माझ्यासारखे अनेकजण आपल्या गोव्यात असावेत. दुचाकीवर प्रवासी बसवून दिवसभर खड्ड्यांतून हाकणारे पायलट, माडावर चढून वर पाहत नारळ पाडणारे पाडेली, संगणकापुढे वाकून बसणारी तरुण मुले, या सर्वांच्या मानेवर रोजच ताण येतो. मानेतून उद्भवणाऱ्या या डोकेदुखीला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' म्हणतात. नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ ओट्टार शास्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तिचे वेगळे वर्णन केले आणि आज डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणारी वेदना आणि कपाळ, डोळा, चेहरा यांच्याकडून येणारी वेदना मेंदूच्या देठापाशी एकाच केंद्रात पोहोचते. दोन वाड्यांच्या पाऊलवाटा एकाच पाणंदीला मिळाव्यात तसे हे आहे. पाणंदीवरून येणारा माणूस कोणत्या वाड्यावरचा, हे मेंदूला नेमके कळत नाही आणि मानेतली कळ आपल्याला डोळ्यामागे जाणवते.

अर्धशिशीपासून ही डोकेदुखी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती बहुधा एकाच बाजूला राहते, मानेतून सुरू होऊन पुढे येते, मान वळवल्यावर किंवा एकाच अवस्थेत फार वेळ राहिल्यावर वाढते आणि मानेची हालचाल कमी झालेली असते. अर्धशिशीत मळमळ, उजेडाचा त्रास, ठणका हे अधिक असते. मात्र अर्धशिशीच्या रुग्णालाही मान दुखते, आणि दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात, म्हणून घरबसल्या स्वतःचे निदान स्वतः करू नये. एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसले म्हणजे कारण सापडले, असेही नाही. पन्नाशीनंतर ज्यांचे डोके कधीच दुखत नाही त्यांच्याही मणक्यांत तशी झीज दिसते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, असे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. माझा आकडा पंधराच्या फार खाली नव्हता.

आता कायरोप्रॅक्टिकविषयी, म्हणजे हातांनी मणके दाबून किंवा वळवून उपचार करण्याविषयी. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केलेली ही उपचारपद्धती अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे आपल्याकडेही घराघरांत पोहोचली आहे. मान झटकन वळवली जाते, कडकन आवाज होतो आणि रुग्ण हसत उठतो, एवढेच त्या चित्रफितींत दिसते. तो आवाज सरकलेले हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होताना तो होतो आणि उपचार लागू पडल्याचा तो पुरावा नाही. तरीही या पद्धतीला सरसकट खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत २५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांत अठरा वेळा मणक्यांवर उपचार घेतलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस सुमारे निम्म्याने कमी झाले. त्याआधी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील २०० रुग्णांच्या अभ्यासात हाताने केलेले उपचार आणि मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम या दोन्हींचा उपयोग झाला होता व वर्षभरानंतरही तो टिकून होता. म्हणजे जो लाभ मान वळवून मिळतो, तो सौम्य व्यायामानेही मिळू शकतो, आणि ज्या रुग्णाला दोन वाटा उपलब्ध आहेत त्याने कमी धोक्याची वाट आधी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोका कोणता, हे मी अनुभवाच्या काठावरून सांगते. दुखण्याच्या चौथ्या वर्षी मी किनाऱ्याकडच्या एका केंद्रात गेले होते. रक्तदाब, पूर्वीचे आजार, चक्कर, औषधे, काहीही न विचारता तेथील गृहस्थांनी दोन मिनिटांत माझी मान दोन्ही बाजूंना मोडली. दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर भिंत धरून चालावे लागले. माझे नशीब की त्याहून अधिक काही झाले नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात. त्यांचे आतील अस्तर फाटले तर तेथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते. शिवाय धमनी आधीच फाटू लागलेल्या माणसाचीही मान आणि डोके दुखते व तो त्याच दुखण्यासाठी उपचाराला जातो, त्यामुळे नेमके कारण ठरवणे अवघड असते, हे तज्ज्ञही मान्य करतात. तरीसुद्धा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये असे सुचवले की मानेवर हे उपचार करण्याआधी रुग्णाला मान वळवणे आणि धमनी फाटणे यांच्यातील संबंधाची कल्पना दिली जावी. मला ती कोणी दिली नव्हती. मान वळवून घेतल्यानंतर पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे किंवा हातापायात बळ नसणे यांपैकी काहीही जाणवले तर पुन्हा त्याच केंद्रात न जाता १०८ ला फोन करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कायरोप्रॅक्टरचे पूर्ण शिक्षण किमान ४,२०० तासांचे असावे आणि त्यातील किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचे असावेत. आपल्या देशात फिजिओथेरपिस्टांना २०२१ च्या केंद्रीय कायद्याने चौकट दिली आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी तशी नोंदणी करणारी वेगळी परिषद नाही. त्यामुळे परदेशात रीतसर शिकून आलेला माणूस आणि चार दिवसांचे शिबिर करून आलेला माणूस यांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. केस कापून झाल्यावर मान मोडून देणाऱ्या सलूनांकडे तर कोणतीच पाटी नसते.

१८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या गोव्यात हे असेच चालू राहावे, याचे मला वाईट वाटते. आरोग्य खात्याने मानेवर उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्राला उपचारकाचे शिक्षण, संस्थेचे नाव आणि प्रशिक्षणाचे तास दर्शनी भागात मराठी व कोंकणीत लावणे बंधनकारक करावे, तसेच उपचाराआधी धोक्याची लेखी माहिती देण्याची सक्ती करावी. सलूनांत मान मोडणे ताबडतोब बंद करावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला माझी विनंती आहे की, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना डोकेदुखीच्या रुग्णाची मान कशी तपासावी याचे एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. माझी तपासणी पाच मिनिटांत झाली होती आणि तिला बाक व दोन हात यांपलीकडे काही लागले नव्हते. त्यानंतर आठ आठवडे त्या बाईंच्या देखरेखीखाली उताणे पडून 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी हलकेच खाली आणण्याचा व्यायाम मी करत गेले. आता महिन्यातून एखादा दिवस डोके दुखते, आणि माटोळी पुतण्या बांधतो, मी खालून त्याच्या हाती फळे देते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली