दांडो धरतलो कोण? : मालवणच्या एका मेस्त्रींना पत्र

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

गाडी परवा कोल्हापूरला जाऊन आली. फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. आई पुढच्या सीटवर होती. गेल्या वर्षी घाटातल्या प्रत्येक वळणावर तिचा हात दाराकडे जायचा. या वेळी उतरताना ती चक्क झोपली होती. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. फोनवर मी आभार मानायला लागलो की तुम्ही "बरां, बरां" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळू दे.

गाडी माझ्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. फियाट 1100च्या घराण्यातली, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली, 1089 सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगखालच्या दांड्यावर गियर. फियाटने 1953 साली 1100/103 बाजारात आणली तेव्हा खालची वेगळी चासी, म्हणजे गाडी पेलणारा सांगाडा, काढून टाकली आणि बॉडीच चासी केली. पातळ पत्रे वाकवून, एकमेकांना वेल्डिंगचे टाके मारून पेट्या केल्या आणि त्या पेट्यांवर सगळी गाडी उभी केली. पद्मिनीही तशीच. पत्रा शाबूत आहे तोवर ही रचना हलकी आणि पक्की. पण पेटीच्या आत पाणी शिरलं की ते बाहेरून कळत नाही, आणि आमच्याकडे तर नुसतं पाणी नसतं, खारा वाराही असतो.

वडील गेल्यानंतर गाडी चार वर्षं मांगरात, म्हणजे घराजवळच्या खोपटात, उभी होती. मी चालवायला काढली तेव्हा वळणावर ती फार कलायची. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पुढचा स्टॅबिलायझर रॉड, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा, जाड घालायला सांगितला, आणि अर्ध्या दिवसात घालूनही दिला. पहिला महिना मी खूश होतो. मग डावीकडून "टक्" असा आवाज यायला लागला, आधी फक्त वळताना, मग प्रत्येक खड्ड्यात. कसालच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आपटलं आणि रॉडला पेटीशी धरून ठेवणारा डावा क्लॅम्प बोल्टांसकट खाली आला. बोल्ट धड होते, त्यांच्याभोवती पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा फाटून आला होता. त्याच गॅरेजने वर ठिगळ मारून, मोठा वायसर लावून दिलं. पंधरा दिवसांत ठिगळाची कडही फाटली.

तेव्हा कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. बोटीचं काम करणारा माणूस गाडीला हात लावेल का, अशी शंका मनात घेऊनच मी आलो होतो. तुम्ही पुठ्ठ्यावर आडवे होऊन गाडीखाली गेलात, बॅटरी मारून पाहिलंत आणि तिथूनच विचारलंत, "तुमी दांडो जाड केल्यात, पण तो धरतलो कोण?"

या एका प्रश्नात सगळं आलं. तोवर मी, गॅरेजवाले, माझे गाडीवेडे मित्र, सगळे रॉडबद्दलच बोलत होतो. घरी गेल्यावर मी हिशेब मांडला. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर रॉड आपल्या बुशात, म्हणजे क्लॅम्पमधल्या रबरी वेढ्यात, नुसता फिरतो, कुणाला त्रास देत नाही. वळणावर मात्र एका बाजूचं चाक वर दबतं, दुसरं खाली जातं आणि रॉडला पीळ बसतो. तो पीळ एका क्लॅम्पला वर ढकलतो आणि दुसऱ्याला खाली खेचतो. गोल रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 16 मिलिमीटरच्या जागी 20चा घातला तर जाडी सव्वापट होते, ताठपणा मात्र जवळजवळ अडीचपट. कलण्याच्या दर अंशामागे अडीचपट ओढ, आणि ती घेणार कोण, तर गंजलेला, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. तुम्ही यातलं एकही गणित न करता गाडीखाली पडल्यापडल्या ते ओळखलंत.

वेळही कुठली होती! जून सुरू झालेला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे बोटी वर ओढायच्या आणि तळाची सगळी कामं त्या दोन महिन्यांत उरकायची. तुमच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही म्हणालात, दिवसा बोटी, संध्याकाळी गाडी. आणि वर एवढंच, "घाई असात तर घेवन जावा." मी गाडी ठेवली. माझ्या हातून त्या वर्षात झालेलं सगळ्यात चांगलं काम ते.

पहिले दोन दिवस तुम्ही ग्राइंडर हातातच घेतला नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, समतल केलीत. दारं लावून त्यांच्या फटी चारी बाजूंनी मोजल्यात आणि आकडे खडूने काचेवर लिहिलेत. मग ओळंबा आणलात. पुढच्या दोन्ही पेट्यांवरच्या ठरावीक बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्यात आणि दोरी धरून कर्ण मोजलेत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा 4 मिलिमीटर जास्त भरला. डावी पेटी थोडी खाली बसली होती. तसंच वेल्डिंग केलं असतं तर ती वाकडी जागाच कायमची पक्की झाली असती. जॅक लावून, रोज थोडंथोडं उचलून, कर्ण जुळल्यावरच तुम्ही कापायला घेतलंत. पत्रा कापला की बॉडी हलते, म्हणून दारांच्या फटी तुम्ही रोज मोजत होतात. बोटीच्या फासळ्या बसवताना हेच करतात, असं तुम्ही सांगितलंत.

पत्रा कुठवर कापायचा हे तुम्ही हातोडीच्या आवाजावरून ठरवलंत. दांड्याकडून मागे एकेक बोट सरकत ठोकत गेलात. खणखणीत वाजला तिथे खडूची रेघ, भद्द वाजला तो सगळा बाहेर. कापलेल्या पेटीतून ओंजळभर पोपडे निघाले, चहापूड सांडावी तसे. त्यात वडिलांच्या वेळचा एक प्लॅस्टिकचा बुच होता. तो तुम्ही पुसून माझ्या हातात दिलात. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

मला वाटलं होतं, आता चांगली जाड प्लेट बसेल. मी 5 मिलिमीटरची सुचवलीही होती. तुम्ही नाही म्हणालात. पातळ पत्र्यावर फार जाड प्लेट टाकली की जोर तिच्या कडेशी अडतो आणि नवी चीर तिथूनच सुटते. आधीच्या ठिगळाचं तेच झालं होतं, काटकोनी कोपऱ्यातूनच ते फाटलं होतं. तुम्ही पुठ्ठ्याचा नमुना कापून 2 मिलिमीटरची लांब प्लेट केलीत, कोपरे पूर्ण गोल, दोन्ही टोकं निमुळती. पेटीच्या खालच्या अंगावरून ती दोन्ही बाजूंना वर वळवलीत, म्हणजे ओढ एका पृष्ठभागावर न राहता तिन्हीवर वाटली जाईल. प्लेटला ओळीने भोकं पाडून त्यातून टाके भरलेत. सलग रेघ कुठेही नाही, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मधला निवल्यावर मग मध्ये. पत्रा तापून वाकू नये म्हणून.

आणि ती नळी! हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीचं काम करणारे बरेच जण हीच गोष्ट सोडतात. पोकळ पेटीतून बोल्ट आरपार घालून आवळला की पेटी चेपते. चेपली की बोल्ट सैल, सैल झाला की पुन्हा आवळायचा, की अजून चेपते. तुम्ही पेटीच्या उंचीएवढीच जाड भिंतीची नळी कापून आत बसवलीत आणि दोन्ही तोंडांना वेल्ड केलीत. आता बोल्ट कितीही आवळा, ताण नळीवर जातो. चारही बोल्टना अशा चार नळ्या. बोल्टही डोक्यावर 8.8 लिहिलेले, म्हणजे जास्त मजबुतीचे आणलेत, साधे नाहीत.

वेल्डिंगच्या एका संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला होता. सीओटू वेल्डिंगमध्ये टाक्याला हवेपासून झाकणारा गॅस वाऱ्याने उडतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात. तुम्ही ताडपत्री बांधलीत, तरी एक टाका तुम्हाला आवडला नाही. वरून तो छान चकचकीत दिसत होता. तुम्ही ग्राइंडर लावलात, आत टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक निघालं. पूर्ण टाका खरवडून काढलात आणि त्या दिवशीचं काम थांबवलंत. ती जागा आता प्लेटखाली, प्रायमरखाली, सीलरखाली आहे. ती कोणालाच दिसणार नाही. तुम्ही एकटेच होतात, मी चहा आणायला गेलो होतो असं तुम्हाला वाटत होतं. मी दारात उभा राहून पाहत होतो, मेस्त्री.

शेवटी मी एक चूक करणार होतो. पेटीच्या खालची जुनी भोकं बुजवून टाका, म्हणजे पाणी शिरणार नाही, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "पाण्याक वाट ठेवूक होयी." पाणी कुठून ना कुठून येणारच, वाट नसली की आतच थांबतं. ती भोकं मोकळी करून त्यांतूनच आतवर मेण मारलंत. रॉडही परत लावताना क्लॅम्प आधी सैल ठेवलेत, गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी केलीत आणि मगच आवळलेत, म्हणजे बुशाला उभ्या स्थितीतच पीळ राहू नये.

मी त्याहून जाड रॉडचाही विषय काढला होता. तुम्ही सरळ नकार दिलात. पुढे जास्त ताठ केलं की पुढच्या बाहेरच्या चाकावर भार वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायच्या ऐवजी नाकासमोर सरळ जायला बघते. फोंडा घाटात परवा पाऊस होता, धुकंही होतं. एका वळणावर समोरून एसटी आली, मी आत घेतलं, गाडी जराशी कलली, सावरली आणि वळली. कुठलाही आवाज नाही. मला तुमचं ते "नको" तेव्हा नीट कळलं.

मापं घेण्यात गेलेल्या दोन दिवसांचे पैसे तुम्ही लावले नाहीत. विचारलं तर म्हणालात, त्या दिवसांत काम कुठे झालं? मला मान्य नाही. खरं काम त्याच दोन दिवसांत झालं. ते पैसे आणि आईने दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन रविवारी येतो. या वेळी नाही म्हणू नका.

आल्यावर गाडी पुन्हा एकदा खालून बघाल. 500 किलोमीटर झाल्यावर बोल्ट तपासायचे, असं तुम्ही खडूने बॉनेटच्या आत लिहून ठेवलं होतं. काल आकडा 512 झाला.

तुमचा,
पद्मिनीवाला