सांतानाच्या पुस्तकासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र महिनाभर आधी जायला हवे होते. छापखान्याने कागदाचा जुना भाव या महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवला आहे आणि गोव्यातल्या संत आनेच्या चर्चवरचे, म्हणजे सांतानाचे, आपले पुस्तक 26 जुलैला, तिच्या सणाला, हातात यायलाच हवे. त्यामुळे पाल्हाळ न लावता लिहावे असे ठरवून बसलो आहे. पण ज्यांनी आजवर साथ दिली त्यांची आठवण न काढता पैसे मागायला हात धजत नाही.

आपल्या समितीने वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमधील थडग्यांच्या दगडांवरचे लेख उतरवून काढले, ते तुम्ही पाहिले आहे. त्या कामाला सुरुवात झाली ती आपल्या सरांमुळे. निवृत्तीनंतरही रोज सकाळी सायकलने किल्ल्यात जायचे आणि दगड ओल्या फडक्याने पुसून अक्षर न् अक्षर लावायचे. सर आता नाहीत. त्यांच्या सहा वह्या समितीच्या कपाटात आहेत आणि त्या वह्यांच्या जिवावरच आम्ही पुढे चाललो आहोत. गिरिजच्या बायने पहाटेच्या गाडीने दादरला फुले विकून साठवलेले अकरा हजार रुपये प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणून दिले आणि पावतीवर नवऱ्याचे नाव घालायला सांगितले. वसई गावातले औषधांचे दुकानदार काका ख्रिस्ती नाहीत, पण दर वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचे पाकीट न चुकता येते. बहारीनला असलेल्या आपल्या मुलांनी मिळून कॅमेरा पाठवला. गाडीवाल्या मामांनी गोव्याच्या पाच फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांचे भाडे घेतलेच नाही, फक्त डिझेल भरा म्हणाले. या सगळ्यांचे उपकार शब्दांत मावायचे नाहीत.

घंटांचे प्रदर्शनही तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत लागल्या असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेलो, मेणवलीला गेलो, भीमाशंकरला गेलो. नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल वाचता येते. तिन्ही ठिकाणी लोकांनी प्रेमाने वागवले, एके ठिकाणी तर फोटो काढताना शिडी धरायला गावातली माणसे धावून आली. ते फोटो तीन रविवार हॉलमध्ये लावले होते.

त्याच प्रदर्शनात गासचे सुतारकाका बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले, "घंटा सापडल्या रे, पण बाकीचं सामान कुठं गेलं? वेदी, पुलपीट (प्रवचनाचा उंच कठडा), वरचा सज्जा? भिंतीतली तुळयांची भोकं तेवढी दिसतात." त्यांच्या या प्रश्नामुळेच आम्ही गोव्याच्या वाटेला लागलो. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आज आकाश दिसते, दगडी कमानी आणि दर्शनी भिंती उरल्या आहेत. आत लाकूड कसे होते, सोने कसे चढवले होते, गाणारे कुठे बसायचे, हे त्या भिंती सांगत नाहीत. ते बघायचे तर त्याच काळातले, त्याच हातांनी घडलेले आणि अजून नांदते चर्च गाठावे लागते.

ते आम्हाला तळावलीला सापडले. पणजीहून मडगावकडे जाताना गोवा वेल्हा लागते. पिलारच्या टेकडीचा हा परिसर, तिथून आत वळले की तिसवाडी तालुक्यातले हे खेडे. लोक त्याला सांतानाच म्हणतात. जुन्या गोव्यातली चर्चे 1986 साली जागतिक वारसा यादीत गेली, तिथे बसगाड्यांची रांग असते. सांताना त्या यादीत नाही. 2000 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंची नावे काढली, त्यात मात्र हे चर्च होते.

बांधकाम 1681 साली सुरू झाले. सुरुवात केली मोन्सिन्योर फ्रान्सिस्कु द रेगु यांनी आणि 1695 साली ते पुरे केले फादर आंतोनिउ फ्रान्सिस्कु द कुन्हा यांनी. हे काम युरोपातून आलेल्या कुणा मोठ्या संघाचे नाही, गोमंतकीय धर्मगुरूंनी खेड्यात उभे केलेले आहे. नमुना घेतला जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या चर्चचा. त्या मूळ चर्चचे छत 1842 साली कोसळले, दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग 1931 साली. आज तिथे 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा जांभा दगड तेवढा उभा आहे आणि त्याची घंटा 1871 पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर वाजते आहे. म्हणजे थोरले चर्च पडले आणि त्याचा तोंडवळा धाकट्याने जपला. सांतानासमोर उभे राहिले की पाच मजली दर्शनी भाग आणि दोन्ही बाजूंचे चौकोनी मनोरे एका नजरेत मावत नाहीत, मागे मागे सरकावे लागते. जांभ्यावर चुन्याचा गिलावा, पांढरा शुभ्र.

आत गेल्यावर सुतारकाका पहिली दहा मिनिटे बोललेच नाहीत. भिंतीतल्या कोनाड्यांवर चुन्यात काढलेले शिंपले आहेत, मोठाले, पंख्यासारखे उघडलेले. बरोक ही नक्षीदार शैली युरोपची खरी, पण खाडीकाठच्या माणसाने शिंपला काढला की त्याला कुणी शिकवावे लागत नाही. भिंती जाड आहेत आणि आतून पोकळ. त्या पोकळीतून माणसाला चालता येते. पापनिवेदनाला, म्हणजे गोव्यातल्या कुमसाराला, कुणाच्या नजरेस न पडता जाता यावे म्हणून ही वाट ठेवली असे सांगतात. लाज वाटणाऱ्या माणसासाठी भिंतीतून वाट काढणारा गवंडी कोण असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मुख्य वेदी संत आनेची. मरियामातेची आई, येशूची आजी. वेदीमागचा लाकडी, सोनेरी पडदा कसा घडतो हे सुतारकाकांनी आम्हाला गाडीत समजावले, ते सगळे पुस्तकात घेतले आहे. आधी कोरीव लाकडावर खडू आणि सरस यांचा लेप, एकावर एक. तो वाळला की घासायचा. मग तांबड्या मातीचा पातळ हात, कारण त्याच्यामुळे सोन्याला ऊब येते. मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटणी. पावसाळी हवेत लाकूड फुगते, लेपाला तडा जातो आणि वर्खाचा पापुद्रा सुटतो. गोव्यातल्या आणि आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या वेदीचे दुखणे हेच. पुस्तकात एक वेगळे प्रकरण पुलपिटांवर आहे. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये पुलपिटाच्या तळाशी नागकन्या कोरलेल्या दिसतात. देवळाचे काम करणारा कारागीर चर्चचे काम करायला आला तेव्हा हाताला जे वळण होते ते घेऊनच आला.

आणि वसईचा दगड! जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात जो काळा बसाल्ट आहे तो इथून, आपल्या वसईहून, जहाजाने नेलेला. 1594 ते 1605 या काळात ते चर्च उभे राहिले. हे समजल्यावर आपल्या बसमधल्या म्हाताऱ्या माणसांनी एकेक करून त्या दगडावर हात ठेवला. गोव्याच्या चर्चशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी त्या वेळी सोबत असायला हवे होते.

सणाबद्दल थोडे सांगतोच. जुलैअखेरीला, भर पावसात, सांतानाला तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त भरते. मूल व्हावे म्हणून जोडपी संत आनेला तवसे वाहतात. पोर्तुगीजमध्ये तवसे म्हणजे पेपिनो आणि बाळ म्हणजे मेनिनो, त्या यमकातून हे गाऱ्हाणे तयार झाले: पेपिनो घे, मेनिनो दे. बायको हवी असलेला मुलगा चमचा आणतो, कारण चमचा कुल्येर आणि बायको मुल्येर. नवरा हवा असलेली मुलगी उडीद आणते, उरिदु आणि मारिदु. हिंदू, ख्रिस्ती दोघेही येतात. गेल्या वेळी आपल्यातल्या एका जोडप्याने रांगेत उभे राहून तवसे वाहिले. त्यांचे पुढे काय झाले ते त्यांनीच सांगावे, पण पुस्तकाची पहिली देणगी त्यांचीच आहे.

आता मनातले थोडे. गेल्या वर्षी आम्ही एकशे चाळीस पत्रे हाताने घरोघर नेऊन दिली. अकरा उत्तरे आली. बैठकीला आठ माणसे होती, त्यात पाच आम्ही. राग नाही. पण खेळाच्या स्पर्धांसाठी दोन दिवसांत लाखभर उभे करणारे हेच आपले लोक आहेत, म्हणजे पैसे नाहीत असे नाही. पुस्तक कोण वाचणार, असेही एका ज्येष्ठांनी विचारले. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. तो मान पुस्तक लिहिण्या-वाचण्यातूनच आला होता, एवढेच नम्रपणे म्हणतो. या चर्चवर पोर्तुगीज आणि इंग्रजीत लिहिले गेले आहे. आपल्या आजीला, मावशीला हातात धरून वाचता येईल असे मराठी पुस्तक आम्हाला शोधूनही मिळाले नाही, म्हणून आम्ही लिहिले. हस्तलिखित तयार आहे, दोन धर्मगुरूंनी आणि एका वास्तुरचनाकार मुलीने तपासून दिले आहे.

तपशील असा. 112 पाने, त्यात 48 रंगीत, 1,000 प्रती. छपाई आणि बांधणी ₹2,46,000, फोटो व प्रवास ₹58,000, अक्षरजुळणी व इतर ₹36,000, एकूण ₹3,40,000. जमा ₹1,27,500, तूट ₹2,12,500. रंगीत पान कुणाच्या स्मरणार्थ द्यायचे असल्यास ₹2,500 (17 गेली, 31 शिल्लक). ₹500 दिल्यास एक प्रत घरपोच, ₹5,000 च्या वर देणाऱ्यांचे नाव शेवटच्या पानावर, नको असल्यास तसे सांगावे. पावती प्रत्येकाला मिळेल; आयकरात सूट मात्र मिळत नाही. धनादेश समितीच्या नावे, क्यूआर कोड हॉलच्या फळ्यावर, रोख फक्त खजिनदारांकडे, रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर समितीच्या खोलीत. शेवटची तारीख या महिन्याची 28. हिशेब ऑगस्टच्या सभेत मांडू.

पैसे देणे जमत नसेल तर हेही चालेल: जुनी पोर्तुगीज लिखावट वाचता येणारे कुणी ओळखीचे असल्यास कळवा, अजून चार पाने अडली आहेत. घरात आजोबांच्या वेळचे, आपल्याकडच्या चर्चच्या आतले फोटो असतील, लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे, ज्यात मागे वेदी दिसते, तर दोन दिवसांसाठी द्या. स्कॅन करून परत करू, अल्बममधून काढायचीही गरज नाही. मुद्रिते तपासायला तीन जण हवे आहेत, चष्मा चालेल. आणि 26 जुलैला सकाळी खोकी उतरवायला तरुण मुले हवीत, पाऊस असेल, ताडपत्री आम्ही आणू.

आपला,
चिटणीस (समितीच्या वतीने)

ता. क. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पेटीत एक पाकीट निघाले. ₹7,000, नाव नाही, आत फक्त "सरांसाठी" असे लिहिलेले. ज्यांचे असेल त्यांनी कृपया येऊन पावती न्यावी, ती अजून कोरीच आहे.