पालकमंत्री साहेब, जनरल थोरातांचा तो चीनविषयीचा आराखडाही पोरांना कळू द्या

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या पहाटे होम मैदानावर या. भरतीची पोरं सोळाशे मीटरचा सराव करत असतात. कितीतरी अनवाणी, बूट मेडिकलच्या दिवसासाठी जपून ठेवलेले. परमवीरचक्राची यादी त्यांना तोंडपाठ असते, कारण पेपरात विचारतात. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे नाव काढलं की मात्र एकमेकांकडे बघतात.

थोरात कोल्हापूरकडचे, सँडहर्स्टला तयार झालेले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. पुढे १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला डांबून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत शिरले आणि बोलूनचालून त्याला सोडवून आणलं. कीर्तिचक्र, पद्मश्री हे सगळं आहेच.

पण माझं मागणं पदकांसाठी नाही. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ मध्ये थोरातांनी चीनपासून नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) संरक्षणाचा आराखडा लष्करी मुख्यालयाला पाठवला. सूत्र साधं होतं. सीमेवर नुसती टेहळणीची ठाणी ठेवा, खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथे द्या. तेव्हा लष्करप्रमुख असलेल्या थिमय्यांनी तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेननना त्यात अतिशयोक्ती दिसली. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या लष्करी सरावात थोरातांनी तेच पुन्हा मांडलं. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला आणि महिन्याभरात नेफातले सेला, बोमडिला हातचे गेले.

आपल्या सोलापूरने चीनला डॉ. कोटणीस दिले, त्यांचं स्मारकही आपण नेटकं ठेवलंय. त्याच चीनबद्दल वेळेवर सावध करणारा मराठी सेनापती इथल्या पोरांना ठाऊक नसावा, हे मला खटकतं. (चौकाला नाव द्या, असं म्हणणार नाही. चौकाला नाव दिलं की आपण सुटतो, आणि रिक्षावाले जुनंच नाव सांगतात.)

तेव्हा एवढंच करा. भरतीची आणि एनडीएची तयारी करणारी पोरं ज्या सरकारी अभ्यासिकांत बसतात, तिथे एका भिंतीवर नेफाचा मोठा नकाशा लावा, आणि थोरातांच्या आराखड्याचं सोप्या मराठीतलं टिपण छापून द्या. पटवून द्यायला जिल्ह्यात निवृत्त सुभेदार भरपूर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने हाक मारली तर येतील. खर्च जिल्हा नियोजनच्या निधीत सहज बसेल. उद्घाटनाला आपणच या, फक्त ते सकाळच्या धावण्याच्या वेळेत ठेवू नका.

आपला,
सोलापूरचा एक नागरिक